‘दुर्मीळ’ आणि ‘पोटखराबा’: एका कंदाभोवतीच्या लिखाणाची तपासणी

आजचा विषय पत्रिकेवर ‘दुर्मीळ मांसल वनस्पतींवरील संकट’ असा छापलाय. पण मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, वाचक आहे. म्हणून झाडांबद्दल जे लिहिलं जातं ते कसं लिहिलं जातं, आणि त्या लिहिण्याने झाडाचं भलं होतं की वाटोळं, एवढंच मी बोलणार आहे. पुस्तकांची समीक्षा आपण करतोच. वनस्पतींच्या नोंदींची, याद्यांची, सरकारी कागदांची कुणी करत नाही. खरं तर एखादं झाड जगणार की मरणार हे त्या कागदांवर बरंच अवलंबून असतं.

मांसल म्हणजे ज्याला नर्सरीवाले सक्युलंट म्हणतात ते. पानात, खोडात किंवा कंदात पाणी साठवून कोरडा काळ काढणाऱ्या वनस्पती. आपल्याला चटकन आठवतो तो निवडुंग, कोरफड. पण सह्याद्रीत या जातकुळीचं जे खरं वैभव आहे ते दिसायला अगदी साधं आहे. खर्चुडी, म्हणजे सेरोपेजिया. कुणी तिला कंदीलपुष्प म्हणतं. लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं, ग्रीक शब्दांवरून, अर्थ साधारण ‘मेणाचं कारंजं’. आपल्याकडे कंदील म्हणतात, आणि मला विचाराल तर आपलं नाव जास्त अचूक आहे. फूल खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या जुळून झालेली जाळीदार छत्री. वासाने आलेली बारीक माशी आत शिरते, नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तिला परत फिरता येत नाही. नंतर ते केस सुकतात आणि माशी सुटते, परागांची पुडी अंगाला चिकटवून घेऊन. म्हणजे कंदील कसला, पाहुण्याला एक रात्र मुक्कामाला ठेवणारी धर्मशाळाच ती.

महाराष्ट्रात या खर्चुड्यांच्या कितीतरी जाती अशा आहेत की ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि त्यातली एक आपल्या दारात आहे. सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ साली मालपुरे, कांबळे आणि यादव या तिघांनी ‘क्यू बुलेटिन’मध्ये तिचं वर्णन छापलं. वेल नाही, ताठ उभी राहणारी, अरुंद पानांची, गवतात गवतासारखी दिसणारी. पावसाळ्यात वर येते, फुलते, शेंगा धरते, रेशमी झुपका असलेलं बी वाऱ्यावर सोडते आणि संपते. उरलेलं वर्ष जमिनीखाली एक कंद. बस. हा तिचा संसार.

आता नावाकडे बघा. अंजनेरिका. नावातच पत्ता आहे. शास्त्रज्ञ जातीला नाव देतात तेव्हा ढोबळमानाने दोन सवयी दिसतात. एक, माणसाचं नाव देणं: लॉआय म्हणजे मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी लॉ, मॅकॅनाय म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे चार्ल्स मॅकॅन, महाबळेई म्हणजे पुण्याचे प्राध्यापक महाबळे. दुसरी सवय, गावाचं नाव देणं: पाचगणीएन्सिस, सह्याद्रिका, अंजनेरिका. पहिल्या सवयीत कर्तृत्व माणसाचं होतं. दुसरीत झाडाचं घर जगजाहीर होतं. दोन्हीत खोट काही नाही, पण दुसरीचा एक परिणाम आहे आणि त्याकडे आता जगाचं लक्ष गेलंय.

२०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंडेनमायर आणि शील या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी एक टिपण लिहिलं. मथळ्याचा अर्थ सरळ: छापू नका. म्हणणं असं, की दुर्मीळ जीव नेमका कुठे सापडला हे संशोधक छापतात आणि चोर ते वाचून तिथे पोचतात. चीनमधल्या एका पालीचं उदाहरण या वादात नेहमी येतं. १९९९ मध्ये तिचं वर्णन छापून आलं आणि थोड्याच काळात त्या मूळ जागेवरची पाल पकडून विकली गेली, तिथे उरली नाही. मांसल झाडांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१९ नंतर कोनोफायटम नावाच्या, नखाएवढ्या, गारगोटीसारख्या दिसणाऱ्या झाडांची लूट सुरू झाली. उपटलेली झाडं लाखांच्या घरात जप्त झाली. इटलीत २०२० मध्ये चिलीच्या आटाकामा वाळवंटातून चोरलेले हजाराच्या आसपास निवडुंग एका माणसाकडे सापडले. त्यातले बरेचसे पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवले. कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या कड्यांवरून डडलिया खरवडून नेत होते, तिथे २०२१ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

ही झाडंच का चोरतात? कारण चोरीला ती सोयीची. मुळासकट उपटा, माती झटका, खोक्यात घाला, पोस्टाने पाठवा. महिनाभर पाणी नाही दिलं तरी मरत नाहीत. वाळवंटात जगण्यासाठी जो गुण कमावला, तोच गुण पार्सलमध्ये कामाला येतो. आणि वाढ इतकी सावकाश, की बी पेरून मोठं झाड करायला दहा-वीस वर्षं जातात, चोरायला दहा मिनिटं. संग्राहकाला म्हातारं, वेडंवाकडं, उन्हाने रापलेलं झाडच हवं असतं. नर्सरीतलं गुबगुबीत नको असतं.

आपल्याकडे याचा जवळचा नातलग शोधायचा तर शिंदळ माकडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेलने १८६०च्या दशकात ती नोंदवली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. (गव्हर्नर कड्यावर चढले होते की नाही कोण जाणे. पण नाव चढलं.) जुन्नर, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर ती लोंबते. जाड खोड, पावसाळ्यात पानं, गर्द तांबड्या चांदणीवर पिवळे ठिपके आणि माश्यांना बोलावणारा किंचित सडका वास. १९८०च्या दशकात जगातल्या सगळ्यात संकटात असलेल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली. या ‘बारा’ आकड्याचं आपल्याकडे इतकं कौतुक झालं की तिच्यावरचा कुठलाही मराठी लेख आजही त्या आकड्याने सुरू होतो. आणि याच काळात काय झालं? युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती आरामात पसरली. फांदीचा तुकडा लावला की लागते, कलम केलं की जोमाने वाढते. आज परदेशातल्या खिडक्यांत ती बऱ्यापैकी नेहमीची आहे.

मग ती वाचली असं म्हणायचं का? काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. एका फांदीचे हजार तुकडे म्हणजे हजार झाडं दिसतात, पण वंश एकच. तिथल्या खिडकीत ती सगळी एकाच झाडाची सावली आहे. कडा, माशी, बी, दुष्काळात मेलेली आणि त्यातून तगलेली रोपं हे सगळं मिळून जी जात होते, ती कुंडीत नाही. हेही मान्य करू की कुंडीत स्वस्तात मिळणारं झाड चोरायला कुणी कडा उतरत नाही. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात यादव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खर्चुड्या जमवल्या, वाढवल्या, त्याचं मोल मोठं आहे. पण तो विमा आहे. विमा उतरवला म्हणून घराला आग लावायची नसते.

कायद्याचं लिखाणही जरा वाचू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. झाडं त्यात आली १९९१च्या दुरुस्तीने, आणि किती आली? सहा नोंदी. घटपर्णी, काही ऑर्किड, एक सायकस, कुठ. सह्याद्रीतली ना खर्चुडी, ना शिंदळ माकडी. २०२२च्या दुरुस्तीने यादी वाढली, पण मधली तीस वर्षं या कायद्याच्या भाषेत ‘वन्यजीव’ म्हणजे मुख्यतः पायांवर चालणाराच होता. दुसऱ्या बाजूला माकडशिंग बघा, शिंदळ माकडीचीच चुलत बहीण. दख्खनच्या कोरड्या माळांवरचं झुडूप, लोक त्याची भाजी करतात, लोणचं घालतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘भूक मारणारा अर्क’ म्हणून ते परदेशी गोळ्यांत गेलं. ती चोरी नाही, व्यापार आहे, बिलं आहेत. पण माळाच्या दृष्टीने उपटलेलं झुडूप ते उपटलेलंच. ‘अवैध’ या शब्दावर आपण जेव्हा फार जोर देतो, तेव्हा ‘वैध’ आपोआप निर्दोष ठरतं. आणि नाशिकमध्ये मला भीती आहे ती या वैध गोष्टींची.

आजच्या व्याख्यानाचा मुद्दा हाच आहे, म्हणून थोडा सविस्तर मांडतो. गुराख्याची पोरं खर्चुडीचे कंद उकरून खातात. पिढ्यान्‌पिढ्या खात आलीत. आमच्या काही निसर्गप्रेमी लेखांत या पोरांनाच संकटांच्या यादीत पहिलं स्थान असतं. हे मला लिखाण म्हणून आळशी वाटतं आणि माणूस म्हणून खटकतं. चार कंद खाणाऱ्या पोराला त्या पठाराची जी ओळख असते ती फोटो काढायला गाडी घेऊन गेलेल्या आपल्याला नसते. ‘अत्यंत दुर्मीळ’ अशी ओळ फोटोखाली टाकली की पुढच्या रविवारी तिथे वीस लोक गुडघे टेकून बसतात, आणि गुडघ्याखाली काय आहे ते बघत नाहीत. ‘दुर्मीळ’ हा शब्द वर्णन म्हणून येतो आणि बघता बघता जाहिरात होतो.

आता दुसरा शब्द. पोटखराबा. सातबारा ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत आहे. लागवडीलायक क्षेत्र वेगळं आणि त्याच्या पोटात असलेलं खराब क्षेत्र वेगळं. खडक, नाला, कातळ, पातळ मातीची सपाटी, सगळं पोटखराबा. देशपातळीवर याचाच मोठा भाऊ आहे: पडीक जमिनींचा नकाशासंग्रह, २०००पासून निघतो, त्यात खडकाळ उघड्या जमिनीचा एक स्वतंत्र वर्गच आहे, पडीक म्हणून. अंजनेरीचा माथा वनखात्याकडे आहे, तिथला कागद वेगळा. पण नाशिक, त्र्यंबक, इगतपुरी पट्ट्यातल्या खालच्या टेकड्या, कातळ, माळ यांच्या नशिबी हाच शब्द आहे. खर्चुडीला नेमकी हीच जमीन लागते. बोटभर माती, खाली कातळ, आठ महिने भाजणारं ऊन, चार महिने वाहतं पाणी. मोठी झाडं तिथे टिकत नाहीत म्हणून ही टिकते. वनस्पतिशास्त्राच्या कागदावर जी जागा जगात एकमेव आहे, ती महसुलाच्या कागदावर खराब आहे. आणि हे दोन कागद एकमेकांना कधीही भेटत नाहीत.

खराब म्हटलं की सुधारणं आलंच. २०२१ मध्ये बेळगाव ढग्याजवळचे संतोषा आणि भागडी डोंगर फोडले जात होते, त्यावर नाशकात केवढं आंदोलन झालं ते तुम्हाला आठवत असेल. ते निदान दिसलं, आवाज झाला, धूळ उडाली. पण शांतपणे होणारी सुधारणाही असते. २०१६ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, २०१९ला तेहेतीस कोटी झाडं लावायची मोहीम राज्याने चालवली. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण झाडं कुठे लावायची? जिथे झाडं नाहीत तिथे, म्हणजे उघड्या माळावर, पठारावर. खड्डा घेतला, गिरीपुष्प लावलं, फोटो काढला. त्या खड्ड्यातून कोणता कंद बाहेर फेकला गेला याची नोंद कुठे असणार? जी गोष्ट ‘पडीक’ या शब्दाखाली होती, ती आधीच नसल्यात जमा होती. कासच्या पठारावर तर उलटी गंमत झाली. फुलं वाचवायला कुंपण घातलं, गुरं थांबली, आणि मग फुलं कमी झाल्याची ओरड होऊन कुंपण काढायची वेळ आली. गुरं तोंड मारायची म्हणूनच दांडगं गवत माजत नव्हतं, हे गुराख्याला कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

आता अंजनेरीवर परत येऊ, कारण माझ्या मते ‘छापू नका’वाल्यांना खरं उत्तर तिथे आहे. तेराशे मीटरच्या आसपासचा डोंगर. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून वर अंजनीमातेचं देऊळ, कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी, माथ्यावर खर्चुडी. २०१७ मध्ये इथलं साधारण पावणेसहा चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. पुढे माथ्यापर्यंत मोटाररस्ता करायचा प्रस्ताव आला. विरोध झाला. मग ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव आला. पुन्हा विरोध. या प्रत्येक वेळी विरोध करणाऱ्यांच्या हातात काय होतं? गिधाडं होती, आणि ‘अंजनेरिका’ हे नाव होतं. एखाद्या सुनावणीत उभं राहून ‘या डोंगराच्या नावाची वनस्पती आहे’ असं म्हणता येणं ही साधी गोष्ट नाही. २००६ मध्ये त्या तिघांनी जागा लपवली असती, नाव दुसरं काही ठेवलं असतं, तर चोर कदाचित दूर राहिला असता. पण जेसीबी आला असता तेव्हा अडवायला कागदावर एक शब्दही नसता.

म्हणून मला दक्षिण आफ्रिकेचा धडा इथे जसाच्या तसा गिरवणं चुकीचं वाटतं. तिथे कुदळ मोठी आहे, इथे यंत्र मोठं आहे. लपवून ठेवलेली जागा चोरापासून वाचते आणि विकासाच्या आराखड्यात अलगद सापडते, कारण आराखडा काढणाऱ्याच्या लेखी तिथे काहीच नसतं. मी म्हणेन, बिंदू छापू नका, जागा छापा. अक्षांश-रेखांशाचे सहा दशांश कशाला हवेत? मोबाईलमधून फोटो टाकताना ते आपोआप जातात, ते बंद करा. आयनॅचरलिस्टसारखं संकेतस्थळ संकटग्रस्त जातींची नेमकी जागा स्वतःहून धूसर करतं, तेवढं शहाणपण आपल्या व्हॉट्सॲप गटांनाही जमावं. पण पठार, त्याची माती, त्यावरचं पाणी, तिथली चराई, तिथे पायवाटेने कोण जातं, हे मात्र भरभरून लिहा. आपल्या लिखाणात नेमकं उलटं होतं. फुलावर दहा ओळी, कातळावर अर्धी.

इथे जुन्या ग्रंथांचं एक कौतुक करावंसं वाटतं. कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ, १९०१ ते १९०८. त्यात जागेपुढे संग्राहकाचं नाव असतं आणि नावापुढे उद्गारचिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की लेखकाने तो नमुना स्वतः पाहिलाय. किती नेटकी प्रामाणिक खूण आहे! १९९१ला नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढला, तोही मेहनतीचा आहे. पण त्यात अर्थातच अंजनेरिका या नावाने काही नाही, ते नाव पंधरा वर्षांनी आलं. आणि हे फार महत्त्वाचं आहे. ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘डोंगरावर नाही’ असा होत नाही. सरकारी अहवाल मात्र नेमका तसाच वाचला जातो.

आणि अहवालांबद्दल शेवटचं. मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम तपासायला २००६ची अधिसूचना आहे. तिच्याखाली जे अभ्यास होतात, त्यात आधारभूत माहितीसाठी बहुतेक वेळा एका ऋतूची पाहणी पुरते, आणि अट अशी असते की तो ऋतू पावसाळा सोडून असावा. हवेची धूळ मोजायला ते बरोबर असेल. पावसात धूळ बसते, आकडा खोटा येतो. पण झाडांची यादीही सहसा त्याच फेरीत उरकली जाते. डिसेंबरात, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये. त्या दिवसांत अंजनेरिका कुठे असते? वाळक्या गवताखाली, कातळाच्या भेगेत, कंद होऊन. माणूस तिच्यावर उभा राहून टिपण करतो: ‘संकटग्रस्त वनस्पती आढळली नाही.’ वाक्य खोटं नाही. त्याला खरंच आढळली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रोपवे असो, सिंहस्थासाठी रुंद होणारे रस्ते असोत की खडीची खाण, त्या अहवालाची प्रत मिळाली तर आधी शेवटचा निष्कर्ष वाचू नका. वनस्पतींच्या यादीच्या वर पाहणीची तारीख असते, बऱ्याचदा बारीक अक्षरात, कधी कधी नसतेही. ती शोधा. ऑगस्ट-सप्टेंबर नसेल तर लेखी हरकतीत पहिलं वाक्य तेच लिहा, आणि पावसाळ्यात पुन्हा पाहणी मागा. हरकतीला ठरावीक मुदत असते, ती चुकवू नका.

एवढंच. आता प्रश्न घेऊ.